वाकडी पायरी

गडाचा दरवाजा दिसायच्या आधी त्याचा वास येतो. वटवाघळांचा, ओलसर दगडाचा, आणि कधीकाळी तिथे बसणाऱ्या शेळ्यांचा मिळून तो एक आंबूस वास आहे. माझ्या नाकात तो लहानपणापासून लग्नाचा वास म्हणून बसलाय. इतरांना लग्न म्हटलं की मोगरा आठवतो, अत्तर आठवतं, पंगतीतला मठ्ठा आठवतो. मला वटवाघळं आठवतात. हे मी बायकोला एकदा मोकळ्या मनाने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "आपल्याच लग्नाबद्दल बोलताय ना?"

तर वटवाघळं. परवा पुन्हा त्या दरवाजात उभा होतो. हातात पाण्याने भरलेली तांब्याची कळशी, समोर उघडी दरी. दुसऱ्या दिवशी माझ्या मुलीची, गौरीची, नाशिकला हळद होती.

नकाशावर या गडाला रीतसर नाव आहे आणि रविवारी पोरं त्या नावाने फोटो टाकतात. आमच्या घरात तो नुसता गड. चांदवडच्या डोंगरांत असे उघडेबोडके माथे पुष्कळ आहेत. वर आता काय आहे? पडका दरवाजा, गवतात बुडालेली जोती, अर्धा बुरूज, आणि कातळात खोदलेली पाण्याची टाकी. बाकी सगळं ढासळलं, टाकी तेवढी राहिली. जे मुळात खड्डा म्हणूनच जन्माला आलं ते आणखी पडणार कुठे?

आमच्या घरात लग्न निघालं की हळदीच्या आदल्या दिवशी या टाक्यातलं पाणी न्यायचं. कळशी एकदा भरली की पायथ्याच्या उंबरापर्यंत तिने दगडाला, मातीला, कशालाच टेकायचं नाही. तिला हात लावायचा तोही घरात जन्मलेल्यांनीच. लेकी चालतात, मग त्यांची लग्नं होऊन त्या कुठेही गेलेल्या असोत. सुना आणि जावई चालत नाहीत. सुनांनी भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन उंबराखाली बसायचं. हे नियम कोणी केले माहीत नाही. ज्याने केले त्याच्या घरात माणसं भरपूर होती, एवढं नक्की.

कारण दरवाजातून बाहेर पडलं की लगेच कातळाचा उभा पट्टा लागतो. इंग्रजांनी सुरुंग लावून इथल्या पायऱ्या उडवल्या असं सांगतात. तेही बहुतेक घाईत होते, कारण चार पायऱ्या धड राहिल्या. एका पायरीवरून दुसरीवर जायचं तर कातळातल्या खोबणींत बोटं अडकवून उतरावं लागतं, दोन्ही हातांनी. म्हणून प्रत्येक पायरीवर एकेक माणूस उभा राहतो आणि कळशी हातोहात खाली येते. देणाऱ्याने विचारायचं, "घेतली?" घेणाऱ्याने म्हणायचं, "घेतली. सोड." हे ऐकल्याशिवाय वरच्याने बोटं उघडायची नाहीत.

त्या चारी पायऱ्यांना आमच्या घरात नावं होती. सगळ्यात वरची थोरल्याची. तिथे दरीकडे तोंड करून उभं राहावं लागतं, आणि डाव्या अंगाला धरायला वाऱ्याशिवाय काही नाही. तिच्याखालची वाकडी. ती बाहेरच्या बाजूला कललेली आहे, ताटातून कढी ओघळायला लागावी तशी. तिसरी रुंद, ती आत्याची. आणि सगळ्यात खालची धाकट्याची. घरात माझ्याहून धाकटे बरेच होते, तरी ती कायम माझी. मला उंचावर भोवळ येते. "ह्याला खालीच उभा करा, नाही तर कळशीआधी हाच खाली येईल," असं अण्णा म्हणायचे. अण्णा म्हणजे माझे वडील. मला त्याचा राग यायचा नाही. खालची पायरी भक्कम होती, आणि समोर निवडुंगाचं जाळं होतं. पडलो असतो तरी टोचण्यापलीकडे काही झालं नसतं.

म्हणून माझ्या लहानपणीचा गड म्हणजे खालून दिसलेला गड आहे. वरच्या माणसांच्या पोटऱ्या, भेगाळलेल्या टाचा आणि त्यांच्यामधून दिसणारं निळं आभाळ. वैशाखातल्या लग्नांना कातळ तव्यासारखा तापायचा, आणि वर जाऊन आलेल्यांच्या ओंजळीत करवंदं असायची, हाताच्या घामाने कोमट झालेली. मार्गशीर्षातल्या लग्नांना गवत पिवळं पडलेलं असायचं. वारा आला की सगळा डोंगर कूस बदलल्यासारखा सळसळायचा. खालच्या शेतात कांद्याची लागवड चालू असायची, रोपांचा उग्र हिरवा वास वरपर्यंत यायचा. कोणीतरी बांधावर हरभरा भाजत असायचं. मग वरून हाका सुरू व्हायच्या. "घेतली?" "घेतली. सोड." आवाज एकेक पायरी खाली उतरत यायचा. कळशी दिसायच्या आधी तिच्यातलं पाणी माझ्या तोंडावर पडायचं, थेंब थेंब, टाक्यातला दगडी गारवा घेऊन. मी तोंड उघडं ठेवून उभा राहायचो. घरातल्या प्रत्येक लग्नाचं पाणी नवऱ्या मुलीआधी मी प्यालोय, आणि हे आजतागायत कोणाला माहीत नाही.

खाली उंबराशी घरातलं सगळ्यात मोठं माणूस बसलेलं असायचं. कळशी घेऊन आलेल्याला ते विचारायचं, "कोणाकोणाच्या हातून आली?" मग वरपासून खालपर्यंत नावं सांगायची. एक नाव जरी चुकलं तरी पाणी आलंच नाही असं धरायचं, की चालले पुन्हा वर. आणि नाव सांगायचं ते जन्माचं. आत्याला तिच्या सासरी सगळे सरस्वती म्हणत. मोठं घर, मोठं नाव. पण उंबराखाली ती ठकू. "ठकूच्या हातून," असं कोणी म्हणालं की कपाळावर आडवं कुंकू लावलेली ती भारदस्त बाई एकदम आठ-नऊ वर्षांची होऊन लाजायची. माझी चुलतबहीण लता पंचवटीत दिली. तिच्या सासरी पूजा सांगतात, तिथे ती वैदेही. गडाखाली लता.

माझ्या बायकोचं नाव मंगल. हे आम्ही ठेवलं. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने मीच ते लिहिलं. माझं अक्षर इतकं वाईट, की भटजींनी दोनदा वाचून विचारलं, "हेच ना नक्की?" तिचं सटाण्याकडचं नाव त्या तांदळाखाली गेलं. मग तिने उंबराखाली भाकऱ्यांचं गाठोडं घेऊन बसायला सुरुवात केली.

यावेळी अडचण झाली ती माणसांची. घरातलं शेवटचं लग्न लताचं. त्यानंतर घर पांगलं, काही माणसं गेली, आणि गौरी उपवर होईपर्यंत कोणाला गडाची आठवण नव्हती. आठवण होती ती एका आत्याला. ती आता चांदवडला मुलाकडे असते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून मोठा काळा चष्मा लावून बसते, त्यामुळे ती झोपलीय की आपल्यावर लक्ष ठेवून आहे ते कळत नाही. पत्रिका द्यायला गेलो तर हातही न लावता म्हणाली, "पाणी कधी आणताय?"

"आत्या, आता कुठे..."

"पाणी आलं तर मी हळदीला. नाय आलं तर मला चांदवडलाच राहू द्या. मला काय, टीव्ही हाय."

म्हणून परवा सकाळी आम्ही निघालो. मी, मंगल, लता, आणि ओझरला विमानांच्या कारखान्यात असलेला चुलतभाऊ बाळू. चौथा हात पुण्याच्या एका चुलतभावाचा होता. वाटेत त्याचा फोन आला, रजा नाही मिळाली, तुम्ही करा मॅनेज. बाळू म्हणाला, "काही टेन्शन नाही. मी सॅक आणलीय. कळशीला टाइट झाकण लावू, पाठीला मारू, चेन ओढू. भुईला टेकत नाही, विषय संपला."

आत्या गाडीत पुढच्या सीटवर होती. मागे न वळता म्हणाली, "पाठीवरून ओझं येतं. पाणी हातातून येतं."

सॅक गाडीतच राहिली.

उंबराखाली आम्ही आत्याला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं. मंगलने सवयीने शेजारी सतरंजी टाकली, भाकऱ्यांचा डबा ठेवला. "मग वाकडीवर कोण राहणार?" असं आत्याने विचारलं नाही. बाळू म्हणाला, "मी दोन पायऱ्या करतो की. वरून घ्यायची, एका हाताने खाली उतरायचं, लताकडे द्यायची. कारखान्यात याच्याहून अवघड जागी चढलोय." आम्हाला ते ऐकायचंच होतं, म्हणून आम्ही ते लगेच खरं मानलं.

वाकडी पायरी नानाची होती. नाना म्हणजे माझा पाठचा भाऊ. त्याला त्या पायरीचं काहीच वाटायचं नाही. लताच्या लग्नाला तो तिथे शीळ घालत उभा होता, एक हात खोबणीत, एक मोकळा. वरून अण्णांनी विचारलं, "घेतली?" तर हा म्हणतो, "थांबा जरा, ती घार बघतोय." खरंच एक घार त्याच्या पायाखालून जात होती. तिची पाठ वरून दिसत होती. अण्णांनी वरून, मी खालून, दोघांनी मिळून त्याला शिव्या दिल्या. हसत हसत त्याने कळशी घेतली. त्यातलं सांडलेलं पाणी त्या दिवशी माझ्या तोंडात नाही, डोळ्यात गेलं. त्या पावसाळ्यानंतर नाना नव्हता. गडाचा त्यात काही संबंध नाही. पुष्कळ दिवस घरात कोणी शीळ घातली नाही, गॅसवरच्या कुकरने घातली तेवढीच.

आता थोरल्याच्या पायरीवर मी होतो. घरातला थोरला पुरुष या पदावर माणूस नुसता जिवंत राहून पोचतो, त्याला दुसरी पात्रता लागत नाही. टाक्यावर कळशी भरताना बरं वाटत होतं. पाण्यावर तेच बारीक हिरवे ठिपके, काठावर तीच शेवाळाची गादी, आत वाकून बोललं की तोच दुसऱ्या कोणाचा तरी वाटणारा आवाज. कळशीच्या गळ्याला धरून मी दरवाजातून आलो, पायरीवर उतरलो, उजव्या हाताची बोटं खोबणीत घातली, डाव्या हातात कळशी, आणि दरीकडे तोंड केलं.

अण्णा इतकी वर्षं हे बघत उभे राहायचे? लांब खाली शेतांच्या चौकटी, हायवेवर मुंग्यांसारखे ट्रक. आणि माझ्या बुटांच्या टोकापुढे एकदम काही नाही. वारा डाव्या बाजूने येत होता आणि माझा सदरा असा फुगवत होता, की मुळातच जे मोठं आहे ते आणखी मोठं व्हावं. मी नजर बाळूवर ठेवली. तो तिसऱ्या पायरीवर होता, लता चौथ्या.

"आधी रिकाम्या हाताने करून बघतो," बाळू म्हणाला. तो वाकडीवर आला. मग एक हात पोटाशी धरून, जणू त्यात कळशी आहे असं, दुसऱ्या हाताने खाली उतरायला लागला. पहिला पाय नीट गेला. दुसऱ्या पायाखालचा मुरूम सुटला. बाळूने पोटाशी धरलेला हात झटक्यात काढून खोबणीत घातला, गाल कातळाला लावला आणि तसाच राहिला. सुटलेले खडे खाली गेले. त्यांचा आवाज यायला इतका वेळ लागला, की आम्ही तिघांनी तो श्वास रोखून ऐकला.

हळूहळू तो तिसऱ्या पायरीवर टेकला. कारखाना चेहऱ्यावरून पार उतरला होता.

"दादा, नाही जमत. हातात खरी कळशी असती तर गेली असती."

"आणि तू?" लता खालून ओरडली.

"मी तिच्या मागं."

खरं म्हणजे उपाय साधा होता. बाळूने पुन्हा वाकडीवर यायचं, लताने तिसरीवर, आणि सगळ्यात खालची, सोपी पायरी मोकळी सोडायची. तिथून खाली काहीतरी जुगाड झाला असता. पण बाळूचे पाय त्या पायरीकडे परत वळेनात. लताने एकदा वर पाहिलं आणि मान खाली घातली. मी "लता, तू ये" असं म्हणणार होतो, पण तोंडात आलेलं वाक्य तिथेच विरलं. त्या पायरीवर उभं राहा असं आम्ही तिघं एकमेकांना म्हणूच शकत नव्हतो.

"रुमालावर ठेवू या का?" लता म्हणाली. "रुमाल मध्ये असला की भुईला कुठे लागते?"

"आत्याला सांगशील तू तसं?"

लताने रुमाल परत कमरेला खोचला.

माझा डावा खांदा भरून आला होता. कळशी जड होत नाही, हात हलके होतात, असं काहीतरी विचित्र व्हायला लागलं. मागे वळून दरवाजात चढायचं तर खोबणीतला हात सोडावा लागणार, आणि तो हात आता माझं ऐकत नव्हता. घामाने तांबं निसटत होतं. डोळ्यांसमोर काळे ठिपके नाचायला लागले. गौरीची हळद, मांडव, दारातलं तोरण, आणि पत्रिकेत माझ्या नावामागे लागलेलं 'कै.' असं सगळं मला एकाच वेळी दिसलं.

आणि खालून चपलांचा आवाज आला.

मंगल होती. आमच्या हाका ऐकू येईनात म्हणून आत्याला "वरच्यांना प्यायला पाणी देऊन येते" सांगून आलेली. हातात प्लास्टिकची बाटली. तिने कातळाच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहिलं. लताकडे, बाळूकडे, मधल्या मोकळ्या पायरीकडे, माझ्याकडे. काय झालंय हे कोणी सांगितलं नाही, तिने विचारलंही नाही. बाटली खाली ठेवली, चपला काढल्या, ओढणी कमरेला गच्च बांधली.

"वहिनी, तू नको," लता म्हणाली.

"सरक."

"अगं पण आत्या..."

"आत्या खाली आहे. तुझे दादा वर आहेत. आधी कोणाचं बघू?"

लता सरकली. बाळूने अंग चोरून पाठ कातळाला लावली, आणि मंगल त्याच्या अंगावरून वर आली. सटाण्याकडच्या डोंगरांत सीताफळं तोडत वाढलेली बाई. तिला चढता येतं हे मला ठाऊक होतं, पण ते ऐकून ठाऊक होतं. तिने वाकड्या पायरीवर पाय ठेवला, काढला, पुन्हा जरा वेगळा ठेवला. पायरी चाचपून पाहिली, भाजीवाल्याकडचं वांगं चाचपावं तशी. मग उजवा हात खोबणीत घालून डावा वर केला.

"द्या."

मी वाकलो. वाकताना दरीही माझ्याबरोबर वाकली. तिचा हात कळशीच्या बुडाला लागला, मग बोटं वर सरकून गळ्याशी आली, माझ्या बोटांच्या खाली. ती गरम होती.

"घेतली?" मी विचारलं. माझा आवाज अण्णांसारखा निघाला नाही, मांजरासारखा निघाला.

"घेतली. सोडा."

मला सोडता येईना. बोटं उघडायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे मी विसरून गेलो होतो. खाली तिचा चेहरा वर केलेला होता, आणि तिच्या पलीकडे, त्याच कललेल्या दगडाच्या कडेपलीकडे, पोकळी होती. एक क्षण मला तिथे शीळ ऐकू आली. वारा असेल. गडावर वारा दरवाजातून जाताना कायम काहीतरी वाजवतोच.

"अहो, सोडा."

"पाय नीट आहे ना तुझा?"

"आहे."

"तो दगड बाहेर कलता आहे. तिथे तो..."

"मला माहितीये." ती थांबली. मग एकदम हळू आवाजात, तिच्या आईशी फोनवर बोलते त्या बोलीत म्हणाली, "मी शे आठे."

मी आहे इथे. घरात ती ही बोली माझ्याशी कधी बोलत नाही. मी मागे एकदा तिची नक्कल केली होती, तेव्हापासून.

मी बोटं उघडली.

कळशी तिच्या हातात गेली. माझा हात रिकामा झाला आणि आपोआप वर आला. तिने कळशी अंगाशी घेतली, कूस बदलावी तशी अलगद वळली आणि खाली वाकली. "बाळूभावजी, घेतली?" बाळू म्हणाला, "घेतली, वहिनी. सोड." मग लताचा आवाज. हाका एकेक पायरी उतरत गेल्या. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वरून ऐकत होतो. वरून त्या वेगळ्याच वाटतात, आपल्यापासून लांब जाणाऱ्या.

त्यानंतर मी कातळ कसा उतरलो ते फार सांगण्यासारखं नाही. ज्या अंगावर बसून मी जन्मभर कचेरीत नोकरी केली, त्याच अंगावर बसून उतरलो. मंगल प्रत्येक ठिकाणी माझा पाय हाताने धरून खोबणीत ठेवत होती.

उंबराखाली आत्या खुर्चीत तशीच होती, काळा चष्मा लावून. लता कळशी घेऊन तिच्यापुढे उभी राहिली. आम्ही मागे. मंगल सगळ्यांच्या मागे, हातात आणलेल्या चपला पायात घालत.

"मंगल पाणी देऊन येते म्हणाली अन् गेली ती गेलीच," आत्या म्हणाली. "बरं. कोणाकोणाच्या हातून आली?"

लताने माझं नाव घेतलं. मग थांबली.

"वाकडीवर कोण व्हतं?"

पानांत कुठेतरी पोपट ओरडत होते. उंबराला फळं धरली होती, त्यांचा तो गोडसर आंबट वास. लताच्या हातातली कळशी हलली, आत पाणी डुबुक वाजलं. खोटं सांगता आलं असतं. बाळूचं नाव दोनदा घेतलं असतं तरी भागलं असतं. आत्याला दिसतं किती, देव जाणे. पण उंबराखाली कोणी खोटं बोलल्याचं मला तरी आठवत नाही.

"वहिनी होती," लता म्हणाली.

"वहिनी हे काय नाव झालं?"

"मंगलवहिनी."

आत्याने हात पुढे करून कळशीच्या पोटावरून फिरवला. वरून खाली, जिथे जिथे आमची बोटं लागली होती तिथे तिथे. मी मनात सगळं ठरवून टाकलं. ती आता पुन्हा वर जा म्हणणार. मग मी आडवा पडेन. किंवा ती काही न बोलता गाडीत बसेल, चांदवडला उतरेल, आणि हळदीला तिची जागा रिकामी राहील. गौरी विचारेल, आणि मी सांगेन की टीव्ही होता.

"मंगल आपण ठेवलेलं," आत्या म्हणाली. "तांदळातलं नाव इथं चालत नाय. हितं जन्माचं सांगायचं. तुला सांगितलं नव्हतं का कधी?"

लताने बाळूकडे पाहिलं. बाळूने माझ्याकडे. इतकी वर्षं ती आमच्या घरात होती, सगळ्यांच्या वाढदिवसाला पुरणपोळ्या तिने केल्या, आणि तिचं पहिलं नाव या दोघांना माहीत नव्हतं. मंगल खाली वाकून चपलेचा पट्टा लावत बसली होती. तो पट्टा कधीचाच लागला होता. ती माझ्याकडे बघत नव्हती. त्यावरून मला कळलं की आता परीक्षा माझी आहे.

मी विसरभोळा माणूस आहे. एटीएमचा नंबर मी पाकिटात लिहून ठेवतो, आणि पाकीट विसरतो. पण दर दिवाळीला सटाण्याला गेलो, की पहाटे तिची आई अंगणातून तिला हाक मारते, आणि ती गोधडीतून लहान मुलीसारखं "काय व माय" म्हणून उठते. मी शेजारी झोपल्याचं सोंग घेऊन ते ऐकतो. दिवाळीतलं मला तेच सगळ्यात आवडतं, फराळाच्याही आधी.

"सुनंदा," मी म्हणालो.

माझ्या तोंडून ते पहिल्यांदाच निघालं. मंगलचा हात चपलेवर थांबला.

"हां," आत्या म्हणाली. "मग सुनंदाच्या हातून आली. फुडं?"

"बाळूच्या. लताच्या."

"आली," आत्या म्हणाली. कळशीत बोटं बुडवून तिने कपाळाला लावली आणि सवयीने चष्म्याखाली डोळ्यांना लावायला निघाली. आम्ही चौघं एकदम ओरडलो, "आत्या, डोळ्याला नाही! डॉक्टरांनी सांगितलंय!"

"गप रे. तुमच्या डॉक्टरापेक्षा जुनं पाणी हाय." पण तिने हात खाली घेतला. मग खुर्चीत मागे टेकून विचारलं, "सुनंदे, त्या पायरीवर पाय कुठं ठेवला व्हतास?"

मंगल पुढे आली. "उजवा खाचेत. डावा आडवा."

आत्याने मान वर, गडाकडे केली. चष्म्यात उंबराच्या फांद्या दिसत होत्या.

"नान्या बी तसाच ठेवायचा," ती म्हणाली.

त्याचं नाव आमच्यात कितीतरी वर्षांनी कोणीतरी मोठ्याने घेतलं होतं. लताने तोंड वळवलं. बाळू भाकऱ्यांचा डबा उघडायला लागला. बाजरीच्या भाकऱ्या, ठेचा, मुळ्याच्या फोडी. डब्यातून वाफेचा, तिळाचा वास आला. आम्ही आळीपाळीने जेवलो, कारण कळशी कोणीतरी हातात धरून राहायला हवी होती. नियमाप्रमाणे उंबरानंतर ती टेकवली तरी चालते. पण कोणालाच टेकवावीशी वाटली नाही.

परतताना ती मंगलच्या मांडीवर होती. चांदवडच्या बाजारापुढे कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागलेली. गाडी थांबायची, चालायची, आणि दर धक्क्याला तिच्या मांडीत पाणी वाजायचं. मी म्हणालो, "घेऊ का जरा वेळ?"

"गाडी चालवा तुम्ही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने खिडकीबाहेर बघत म्हणाली, "पुढच्या लग्नाला भाकऱ्या घेऊन खाली कोण बसणार, ते आत्ताच ठरवून टाका."

पुढच्या सीटवरून काळा चष्मा सावकाश माझ्याकडे वळला. मागच्या आरशात लता आणि बाळूही माझ्याकडेच बघत होते.